मालवणातलं स्कूबा, बोटवाले आणि आपण पाहुणे

निळाई · शुक्रवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं मालवणला जाऊन आलो. परत येऊन आठ दिवस झाले, तरी एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

कसालहून मालवणकडे वळलो आणि रस्त्यातच एका मुलाने हात दाखवून गाडी थांबवली. "स्कूबा करायचंय का? माणशी बाराशे." मी घासाघीस करून साडेसातशेवर आणलं. त्याने फोन लावला, किनाऱ्यावर कुठे जायचं ते सांगितलं. तिथे गेल्यावर एक कागद पुढे आला. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, सर्दी असे प्रश्न, सगळे इंग्रजीत. "सह्या करा, बोट सुटतेय" एवढंच कानावर पडलं. चौघांच्या सह्या मीच केल्या.

इथे एक कबूल करायचं आहे. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला दोन दिवसांपासून सर्दी होती. सर्दीचा प्रश्न मी वाचला होता. सांगितलं तर त्याला उतरवणार नाहीत, आणि दोन महिने तो याच गोष्टीची वाट बघत होता. मी गप्प बसले.

बोटीत आम्ही अकरा जण, पाण्यात नेणारे डायव्हर दोन. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या अंगाला नांगर टाकला. सूचना मिळाल्या त्या चालू इंजिनाच्या आवाजात, मिनिटभर: तोंडाने श्वास घ्या, नाकाने नाही, घाबरू नका. मला नेणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. पाणी हिरवट, पण खाली गेल्यावर जे दिसलं ते आयुष्यभर विसरणार नाही. खडकाच्या कपारीतून पट्टेरी माशांचा थवा बाहेर आला आणि माझ्या बोटांच्या मधून निघून गेला. त्या मुलाने अंगठा आणि तर्जनी जुळवून मला काहीतरी विचारलं. मला इतका आनंद झाला होता की मी अंगठा वर करून दाखवला. त्याने लगेच मला धरलं आणि वर नेलं.

वर आल्यावर मी तोंडातली नळी काढून त्याच्यावर ओरडले. पाच मिनिटंही झाली नव्हती. वेळ कापतात, फसवतात, अर्धे पैसे परत द्या, सगळं बोलले. तो एवढंच म्हणाला, "ताई, तुम्हीच अंगठा वर केलात. अंगठा म्हणजे वर चला." हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बोटीवर पुढचे लोक थांबले होते, परत खाली जायला वेळ नव्हता.

तेवढ्यात दुसऱ्या डायव्हरने माझ्या मुलाला वर आणलं. मास्कच्या काचेत, नाकाखाली, चमचाभर रक्त साचलं होतं आणि त्याने कान दाबून धरला होता. त्याला खाली दोनदा विचारलं होतं, कानाकडे बोट दाखवून. दुखतंय म्हटलं तर वर नेतील म्हणून त्याने दोन्ही वेळा मान हलवून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. आईचंच शिकला.

किनाऱ्यावर आल्यावर ज्या मुलावर मी ओरडले होते तोच गोडं पाणी घेऊन आला आणि माझ्या मुलाजवळ अर्धा तास बसून राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मी माफी मागितली नाही. ते राहून गेलं.

इथल्या डॉक्टरांनी तपासलं, पडदा शाबूत आहे, पंधरा दिवसांत बरं होईल म्हणाले. बोटवाल्याचं नाव लिहीत नाही, कुणी विचारूही नका. मला विचारायचंय ते असं: पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावर, शांतपणे, आम्हाला दहा मिनिटं का मिळाली नाहीत? आणि आम्ही ती का मागितली नाहीत? या धंद्यातलं कुणी इथे असेल तर जरूर लिहावं.

रोखठोक · शुक्रवार, रात्री १०:३५

निळाई, मुलगा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. पण तुम्ही उगाच स्वतःला दोष देताय. गिऱ्हाईक अडाणी असणारच, त्याला पाण्याखालचं काय माहीत? विचारणं, तपासणं, नको म्हणणं हे पैसे घेणाऱ्याचं काम आहे. कागद इंग्रजीत ठेवून सही घेणं म्हणजे उद्या काही झालं तर अंगावर येऊ नये याची सोय. मी तरी तक्रार केली असती.

दांडीकर · शनिवार, सकाळी ६:१५

ताई, तुमचा म्हणणा खरा आसा. मी या धंद्यातला आहे. आजो रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर) होतो, बापूस ट्रॉलरवर खलाशी, मी आणि धाकटा भाऊ दहा वर्षांपूर्वी स्कूबात उतरलो. आता सगळ्यांना कळावं म्हणून मराठीतच लिहितो.

पहिलं, तुमच्या साडेसातशेतले दोनशे-अडीचशे रस्त्यावरच त्या मुलाच्या खिशात गेले असणार. राहिले पाचशे. त्यातून बोटीचं डिझेल, तांडेल (बोट चालवणारा), डायव्हर, सिलिंडर भरायची वीज, कंप्रेसरचा फिल्टर. हा फिल्टर वेळच्या वेळी बदलावाच लागतो, आणि हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुरापासून लांब ठेवावी लागते, नाहीतर सिलिंडरमध्ये धूर भरला जातो. तो पाहुण्याला दिसत नाही. सिलिंडरची ठरावीक वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, तिची तारीख मानेवर ठोकलेली असते. तीही कुणी बघत नाही. पाहुण्याला दिसतो तो फक्त आकडा: शेजारचा सातशे म्हणतोय, तू नऊशे का?

भाव पडला की बोट भरून न्यावी लागते. दोन फेऱ्यांच्या जागी चार. मग सगळ्यात आधी काय कापलं जातं? डिझेल कापता येत नाही, हवा कापता येत नाही. बोलणं कापलं जातं. तुम्ही विचारताय ती दहा मिनिटं तिथे गेली.

आमचा हंगाम ऑक्टोबरपासून मे संपेपर्यंत. पावसाळ्यात ऑगस्टअखेरपर्यंत सगळं बंद. त्यातही पाणी खरंच चांगलं असतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि गर्दी येते ती नाताळच्या आठवड्यात आणि मे महिन्यात. वर्षाचं घर त्या थोड्या दिवसांवर चालतं. हे कारण सांगतोय, सबब म्हणून नाही. तेरा वर्षांच्या मुलाचं नाक लाल दिसत असताना त्याला उतरवायलाच नको होतं. तुम्ही कागदावर काही लिहा, डायव्हरला डोळे असतात.

रोखठोक, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण अर्धं. गेल्या डिसेंबरची गोष्ट. सात जणांचा गट, मी प्रत्येकाला विचारलं, रात्री घेतली का? सगळे नाही म्हणाले. एकाला खाली नेलं, चार मीटरवर त्याला नळीतच उलटी झाली. मी त्याच्या तोंडावर नळी दाबून धरली, नाहीतर त्याने ती फेकून श्वास घेतला असता, पाण्याचा. वर आणला तेव्हा माझे हात थरथरत होते. त्याचे मित्र व्हिडिओ काढत होते.

खोलपाणी · शनिवार, सकाळी ११:२०

मी मुंबईकर. ओपन वॉटरचं, म्हणजे डाइव्हिंगचं पहिलं सर्टिफिकेट दहा वर्षांपूर्वी अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला घेतलं. त्यानंतर नेत्राणी, ग्रँड आयलंड, लक्षद्वीप असं फिरलोय.

आपल्याकडे एक घोटाळा आहे: मालवणला सुट्टीत आपण जे करतो त्याला आणि चार दिवस शिकून केलेल्या डाइव्हिंगला एकच नाव आहे, स्कूबा. पहिल्या प्रकारात पाहुण्याचं सगळं डायव्हरच्या हातात. दुसऱ्यात तुम्ही स्वतःचं पाणी स्वतः सांभाळता, १८ मीटरपर्यंत. पहिल्या प्रकारालाही नियम आहेत. पाडी (PADI) या डाइव्हिंग शिकवणाऱ्या जागतिक संस्थेच्या नवशिक्यांच्या कार्यक्रमात १२ मीटरपेक्षा खोल नेत नाहीत, वय किमान १० आणि खुल्या समुद्रात एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त चार माणसं. मालवणला बहुतेक ठिकाणी एकाला एकच डायव्हर धरून नेतो, हे खरं तर त्याहून चांगलं आहे. उणीव आहे ती आधीच्या तयारीची. पाडीच्या कार्यक्रमात आधी उथळ पाण्यात गुडघ्यावर बसवून मास्कमध्ये पाणी भरायला लावतात आणि ते नाकाने फुंकून काढायला शिकवतात. नळी तोंडातून सुटली तर परत कशी घ्यायची तेही. एवढं जमलं की माणसाची भीती अर्धी होते.

खुणांचं कोष्टक प्रत्येक बोटीवर मराठीत आणि हिंदीत रंगवलेलं हवं. अंगठा-तर्जनीची गोल कडी म्हणजे ठीक आहे. अंगठा वर म्हणजे वर चला. अंगठा खाली म्हणजे खाली. पंजा आडवा धरून हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय, आणि मग जिथे बिघडलंय तिकडे बोट. निळाईंनी केली ती चूक जगभर नवशिके करतात, कारण जमिनीवर अंगठा म्हणजे शाबासकी. त्या मुलाने लगेच वर आणलं हे त्याचं शिक्षण चांगलं असल्याचं लक्षण. खुणेवर वाद घालायचा नसतो.

आणि ज्याने श्वास रोखून धरला तो धोक्यात, हे पहिलं वाक्य असायला हवं. पृष्ठभागावर जो दाब असतो तो दहा मीटर खाली दुप्पट होतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा, श्वास रोखून वर आलात तर दुप्पट जागा मागते. फुप्फुस तेवढं ताणत नाही. माणसं समजतात दहा मीटर म्हणजे उथळ, धोका तिसाव्या मीटरला. उलट आहे. प्रमाणात बघितलं तर दाबातला सगळ्यात मोठा फरक त्या पहिल्या दहा मीटरमध्येच असतो.

कोल्हापुरी_वैद्य · शनिवार, दुपारी ३:०५

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. दर दिवाळीनंतर आणि मे महिन्यात मालवणहून आलेले कान माझ्याकडे येतात. निळाईंच्या मुलाला झालं ते नेहमीचंच.

मधल्या कानातून घशाकडे एक बारीक नळी जाते. खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की त्या नळीतून हवा आत जाते आणि पडदा जागेवर येतो. हे दर अर्ध्या-एक मीटरला करायचं, दुखायच्या आधी. दुखायला लागल्यावर फुंकून उपयोग नाही, थोडं वर यायचं आणि मग परत करायचं. सर्दीत ती नळी आणि सायनसची तोंडं सुजून बंद असतात. हवा जात नाही, आतल्या अस्तरातून रक्त येतं आणि मास्कमध्ये दिसतं. सर्दीची गोळी किंवा नाकात थेंब घालून उतरणारेही असतात. औषधाचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना हवा आत अडकते, तो प्रकार अधिक वाईट. सर्दी आहे ना, मग त्या दिवशी बोटीवर बसून किल्ला बघावा.

दमा, फिट येणं, हृदयविकार, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, गरोदरपण हे लपवू नका. बीपीची गोळी चालू असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

आमच्या भागातल्या लोकांसाठी आणखी एक. सर्टिफिकेट असलेले काही जण दोन दिवसांत चार-पाच डाइव्ह करतात आणि तिसऱ्या संध्याकाळी गाडी काढून घाट चढतात. विमानाचा नियम सगळ्यांना पाठ असतो: एका डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्ह केल्या तर १८ तास थांबा. घाटाचा विचार कुणी करत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरच्या आसपास आहे. पाण्याखालच्या दाबाने रक्तात विरलेला नायट्रोजन अजून पुरता बाहेर पडलेला नसतो आणि तुम्ही तासा-दोन तासांत त्या उंचीवर पोचता. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून त्याचे रक्तात बुडबुडे होऊ शकतात. पाच मीटरवर पंधरा मिनिटं गेलेल्या पाहुण्याला यात फारसं भय नाही. पण सलग खोल डाइव्ह करणाऱ्याने ती रात्र किनाऱ्यावरच काढावी. बोटवाल्यांनी शेवटच्या दिवशी एवढं विचारलं तरी पुरे: दादा, घरी कोणत्या वाटेने जाणार?

दांडीकर · शनिवार, रात्री ८:४०

डॉक्टर, हे घाटाचं मला माहीत नव्हतं. उद्यापासून विचारतो.

खोलपाणी, तुमच्यासारखे पाहुणे आले की आम्ही शिकतो, हे आधी सांगतो. पण सर्टिफिकेटवाल्यांशीही आमचं नेहमी जुळतं असं नाही. एक जण आला, डाइव्हच्या नोंदींची वही नव्हती, म्हणाला चाळीस डाइव्ह झाल्यात. मी म्हटलं, आधी उथळात एक फेरी करू, मग निवतीच्या खडकांकडे जाऊ. त्याला अपमान वाटला. "तू मला शिकवणार?" असं म्हणाला. शेवटी उथळात गेलोच. कमरेला वजनं जास्त बांधून घेतली होती, खाली गेल्यावर प्रवाळावर गुडघे टेकून हात मारत होता, दोनशे बार दाबावर भरलेला सिलिंडर पंचवीस मिनिटांत पन्नासवर. शेवटची डाइव्ह कधी केली ते वर आल्यावर सांगितलं. सहा वर्षांपूर्वी.

आमच्याकडच्या पोरांचं इंग्रजी कच्चं असतं, म्हणून त्यांना समुद्रही कच्चा कळतो असं कृपा करून समजू नका. सुकतीला (ओहोटीला) पाणी कुठे खेचतं आणि मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा कधी पडतो हे कुठल्या पुस्तकात नाही. ते या पोरांना चड्डीत असल्यापासून माहीत आहे.

खोलपाणी · शनिवार, रात्री ९:१०

मान्य. तशी माणसं मीही पाहिली आहेत, आणि पहिल्या दोन वर्षांत मी स्वतः तसाच होतो. हॅवलॉकला एका तमिळ डाइव्हमास्टरने मला करंट आहे म्हणून बोटीवरच बसवलं होतं, तेव्हा मी दिवसभर त्याच्याशी बोललो नव्हतो. संध्याकाळी त्याच जागेवरून दोघांना दुसऱ्या बोटीने उचलून आणलं, फार लांब वाहून गेले होते. तेव्हापासून नको म्हणणारा माणूस दिसला की मी त्याच्याच बोटीवर जातो.

देवबाग_न्याहारी · रविवार, सकाळी ७:३०

आमची देवबागला न्याहारी-निवासाची चार खोल्यांची जागा आहे. पाहुणे आले की स्कूबाचं मलाच विचारतात. माझे ठरलेले दोघे आहेत, त्यांना फोन करते. ते पाणी बघून सांगतात. "आज गदळ आसा, उद्या बघूया" म्हणाले की मी तसंच पाहुण्यांना सांगते.

मग काय होतं ते लिहिते. मागच्या मार्चमध्ये एक कुटुंब होतं, त्यांचा तो शेवटचा दिवस. वारा होता, लाटा होत्या, मी नको म्हटलं. ते बाहेर पडले, फाट्यावर कुणीतरी भेटला, त्याने नेलं. परत आले तेव्हा काही दिसलं नाही, दोघांना बोट लागली, पैसे वाया गेले. आणि घरी गेल्यावर नेटवर आम्हाला एक तारा दिला. "मालकीण सहकार्य करत नाही, स्कूबाची सोय करून दिली नाही." ज्याने तसल्या पाण्यात नेलं त्याचं नावही त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे त्याला काहीच नाही.

तो एक तारा बघून मी दोन रात्री झोपले नाही. आमच्यासारख्यांचं पोट त्या ताऱ्यांवर आहे. नाही म्हटलं तर तारा जातो आणि हो म्हटलं तर कुणाचं तरी लेकरू पाण्यात. तरी मी नाहीच म्हणणार. पण सगळ्यांना ते परवडेल असं नाही, हे पाहुण्यांनी समजून घ्यावं. कुणी नको म्हटलं म्हणून त्याचं कौतुक करणारा अभिप्राय मी आजवर वाचलेला नाही.

रोखठोक · रविवार, सकाळी १०:००

ताई, तुमचं पटलं. तरीही एक विसरू नका. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. त्यात पाहुण्यांनी काय लपवलं होतं? बोटीत किती माणसं, लाइफ जॅकेट अंगात आहे की बाकाखाली, वारा कसा आहे, हे बघणं पाहुण्याच्या हातात नसतं. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना, बोटीची क्षमता, विमा हे सगळं तिकीट फाडतो तिथे मोठ्या अक्षरात लावलेलं हवं. दोन्ही बाजू समान म्हणून आपण हे सोडून देऊ नये. समान नाहीत. एकाला समुद्र माहीत आहे, दुसऱ्याला नाही.

दांडीकर · रविवार, सकाळी १०:४५

याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि देणारही नाही. त्या दिवशी आमच्यातले कितीतरी जण किनाऱ्यावर धावले होते. त्यानंतर माझ्या बोटीत जॅकेटचं बक्कल मी स्वतः ओढून बघतो, येताना आणि जाताना. पाहुणे म्हणतात, "आता तर झालं स्कूबा, काढू का?" नाही. वाळूला पाय लागेपर्यंत नाही.

ब्रिस्बेनवासी · रविवार, दुपारी १२:२०

मूळचा कणकवलीचा, गेली बारा वर्षं क्वीन्सलंडमध्ये. केर्न्सला आई-बाबांना घेऊन ग्रेट बॅरिअर रीफवर गेलो होतो. बोट सुटण्याआधी तब्येतीचा कागद भरायचा असतो. लहानपणी मला दमा होता, अजूनही कधीमधी पंप लागतो. मी खरं लिहिलं. डाइव्हच्या प्रमुख बाई माझ्याजवळ आल्या, पाच मिनिटं शांतपणे प्रश्न विचारले आणि डाइव्ह करता येणार नाही असं सांगितलं. डाइव्हचे पैसे तिथल्या तिथे परत केले, स्नॉर्केल दिला. वाईट वाटलं, पण सगळ्यांसमोर लाजल्यासारखं वाटलं नाही. पैसे परत मिळणार हे त्या कागदावर आधीच छापलेलं होतं, म्हणूनच बहुधा खरं लिहायला जड गेलं नाही.

तिथे माणसंही मोजतात. सुटताना मोजतात, पाण्यातून आल्यावर मोजतात, निघण्याआधी दुसरा माणूस परत मोजतो. १९९८ साली तिथे एक अमेरिकन जोडपं पाण्यातच राहिलं आणि बोट परतली. ते दोघं कधीच सापडले नाहीत. त्यानंतर हे नियम कडक झाले. म्हणजे तेही अनुभवातूनच शिकले.

शिंपला · रविवार, दुपारी ४:३०

चर्चा माणसांची चालली आहे, त्यात पाण्याखाली राहणाऱ्यांचंही थोडं ऐका. किल्ल्याभोवतीचं पाणी मालवण सागरी अभयारण्यात येतं. १९८७ साली ते जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. दगडी प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, म्हणजे कागदावर वाघाइतकंच संरक्षण. आणि आपण त्यावर रोज नांगर टाकतो. एकाच ठिकाणी दिवसाला कितीतरी नांगर. कायमचे तरंगते बोये बांधून बोटी त्यांनाच लावल्या तर हे थांबेल.

दुसरं म्हणजे बिस्किटं. निळाई, तुमच्या बोटांतून गेलेले ते पट्टेरी मासे बहुधा बिस्किटाच्या ओढीने आले असतील. डायव्हर बाटलीत चुरा घेऊन उतरतात, कारण मासे जवळ आले नाहीत तर व्हिडिओ चांगला येत नाही आणि पाहुणे नाराज होतात. ज्या माशांनी खडकावरचं शेवाळ खायचं ते मैद्यावर गोळा होतात आणि एकाच जातीची दादागिरी वाढते. पाहुण्यांनीच बोटीत चढताना सांगावं: आम्हाला खायला घालायला नको, दिसतील ते बघू.

दांडीकर · रविवार, सायंकाळी ६:१०

शिंपला, बिस्किटांचं कबूल. मी बंद करून बघितलं, तीन दिवसांत दोन गटांनी पैसे परत मागितले. परत सुरू केलं. पाहुणा आधी बोलला तर मला फार हलकं वाटेल.

बोयांचं आम्ही मागून थकलो. अभयारण्य म्हटलं की आमच्या लोकांच्या मनात आधी भीती येते, उद्या मासेमारी बंद करतील ही. त्यामुळे बोये बांधायला गेलं तरी गावात संशय येतो. ते वेगळं दुखणं आहे, त्यावर कधीतरी सवडीने लिहीन.

निळाई · रविवार, रात्री १०:१५

सगळं दोनदा वाचलं. मुलालाही वाचायला दिलं. दांडीकरांची उलटीची हकिकत वाचून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "मी खोटं सांगितलं तेव्हा त्या दादाचे हात पण थरथरले असतील का?"

रोखठोक, समान नाहीत हे तुमचं म्हणणं मी धरून ठेवते. जबाबदारी त्यांचीच मोठी. पण साडेसातशेचा भाव मी पाडला आणि सर्दी मी लपवली, हे माझ्या वाट्याचं आहे आणि ते मला दुसऱ्यावर टाकायचं नाही.

दांडीकर, आम्हाला परत यायचंय. मुलाचा कान पूर्ण बरा झाल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. बाराशे म्हणाल तर बाराशे, पण किनाऱ्यावरची दहा मिनिटं हवीत, मराठीत. बिस्किटं नकोत. सासरे बरोबर असतील, त्यांना बीपीची गोळी आहे, ते बोटीवर बसतील. कधी यावं? आणि एक विनंती आहे. तो मुलगा ज्या बोटीवर काम करतो ती मला ओळखता येईल. त्याला भेटायचं आहे.

दांडीकर · सोमवार, सकाळी ५:५०

ताई, जरूर येवा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास नको. उधाणाला पाणी जोरात फिरतं, तळ ढवळतो, दोन हातांवरचं दिसत नाही. अष्टमीच्या पुढचे तीन-चार दिवस धरा, तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी निवळ राहतं. जानेवारीतली अष्टमी बघून मंगळवार-बुधवार निवडा, शनिवार-रविवार टाळा. सकाळी साडेसातला किनाऱ्यावर. वारा नऊ-दहानंतर उठतो, त्याआधी वर यायचं. रात्री जेवण हलकं, सकाळी चहा आणि थोडे पोहे. उपाशी पोटी बोट जास्त लागते.

आदल्या संध्याकाळी मला फोन करा. पाणी बरं नसलं तर मी नको म्हणेन, मग तुम्ही पुण्याहून आलेल्या असा नाहीतर आणखी कुठून.

त्या पोराचं म्हणाल तर किनारा लहान आहे. सकाळच्या फेरीआधी सगळे एकाच टपरीवर चहाला असतात. तुम्ही ओळखाल.